पोळपाटावरची गाडी

३० ऑगस्ट २००३, शनिवार

पोळपाट माझा हाय. बाभळीचा, आईनं लग्नात दिलेला. पुरणाच्या दिवशी खुंटीवरनं काढते, पुसून परत लावते. त्यावर आज ब्लेडनं प्लास्टिक कापलं. चार चरे पडलेत, बोट फिरवून बघितले. मला कुणी इचारलंसुद्धा न्हाई.

आता बाकीचं. ही डायरी खताच्या दुकानदारानं बाळासोला फुकट दिलेली. बाळासो म्हंजी माझा लेक, रांजणगावला कंपनीत जातो. आठ महिने कोरीच पडली व्हती. मी साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकले त्याला दहा वर्षं झाली, पण असं बसून कवा लिहिलं न्हाई. आज लिहिते, कारण ह्या घरात माझं ऐकायला कुणी राहिलं न्हाई.

सून सुषमा पंधरा दिवसांमागं कांद्याच्या चाळीवरनं पडली. पाय मोडला, दीड-दोन महिने प्लास्टर. भाकरी थापायला मी हाय, शेळ्या-मेंढ्यांना आमचं म्हातारं हाय. तरी सुषमाची आई राहूवरनं इथं कवठ्याला येऊन राहिली. धुरपदाबाई. मास्तरीण व्हती, आता रिटायर झाली. आमच्यात पयलं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत न्हवते. ही चहा पिते आन् वर इचारते, "सखूबाई, आलं नाही का घातलं?"

येताना एक खोका घेऊन आली. तिच्या लेकानं, ज्ञानेशनं, पुण्यावरनं भाचीला पाठवलेला. त्यात शर्यतीची मोटार हाय म्हणं, सुट्टी. आपली आपण जोडायची. माझी नात अंकिता, आठवीत हाय, कालपासनं त्या खोक्यापासनं उठली न्हाई. जेवायला तीन हाका मारल्या. चौथी मारली न्हाई.

२ सप्टेंबर

खोका बघितला, दोघी न्हवत्या तवा.

प्लास्टिकच्या चौकटी हायत, त्यांना तुकडे लागलेत, शेंगा लागाव्या तसे. एकेक शेंग तोडायची, नेलकटरनं टोक घासायचं, ट्यूबमधल्या डिंकानं चिकटवायचं. डिंकाचा वास असा का डोकं भणभणतं. बरोबर एक कागद हाय, सगळा इंग्रजी. तो इहीणबाई वाचते आन् अंकिता मान हलवते.

खरी मोटार असती तिच्या चोवीस वाट्यातला एक वाटा एवढी ही, असं इहीणबाईनं रात्री जेवताना समजावलं. अशा चोवीस ओळीनं लावल्या का खरीएवढी लांबी. मी म्हटलं, "मग आतला डायव्हर मिरचीएवढाच आसंल." कुणी हसलं न्हाई. म्हातारं हसलं, पण ते उशिरा हसतं.

शाळेचं प्रदर्शन हाय शिरूरला, दसऱ्यानंतरच्या शनिवारी. पोरांनी हातानं केलेल्या वस्तू मांडायच्या. अंकिता ही मोटार मांडणार.

मोटारीला जागा एकच. डायव्हर बसला का झालं. दुसऱ्यानं बसायचं कुठं? मी इचारलं. अंकिता म्हणली, "आई, रेसची हाय ना ती." मला ती आईच म्हणते, बाळासो म्हणतो म्हणून. सुषमाला मम्मी. आन् त्या बाईला बाईआजी. बाईआजी! शब्द तोंडात साखर ठेवून म्हणते.

५ सप्टेंबर

दोघींची कुजबुज चालती. मी आत गेले का गप. मी भांडं घेऊन बाहेर आले का परत सुरू.

पयलं शाळेतनं आली का दप्तर टाकून माझ्याकडं यायची, चुलीपाशी बसायची. कुणी काय म्हटलं, कुणाचा डबा सांडला, सगळं मला. मी भाकरीचा पापुद्रा काढून तिला द्यायची. आता दप्तर टाकते ते पण त्या खोलीत.

आज पापुद्रा काढला आन् शेळीला घातला.

९ सप्टेंबर

मास्तरीण म्हणून मिजास बघा. सगळं काम पोरीकडनं करून घेते. तुकडा तोडायचा पोरीनं, घासायचा पोरीनं, चिमट्यानं धरायचा पोरीनं. ही नुसती बोलणार, "थोडं डावीकडे. श्वास रोखून धर. हां." हात मांडीखाली घालून बसते, सरपंचासारखी.

बशीत चहा दिला तर नको म्हणते, ग्लास लागतो. ग्लास पण दोन्ही हातांनी धरते. परवा सांडला माझ्या सारवलेल्या भुईवर. "सॉरी हं सखूबाई." अंकिता उठून पटकन पुसायला लागली. माझ्या हातनं सांडलं असतं तर म्हणली असती, आई, जरा बघून.

१३ सप्टेंबर

आज ऐकलं. चोरून न्हाई, मी दाराशी लसूण सोलत व्हते.

इहीणबाई सुषमाला म्हणत व्हती, "जूनमध्ये नववीत जाईल. राहूला माझ्याकडे ठेव. तिथून दौंडच्या शाळेत जाईल, सकाळची गाडी आहे. इथं आणखी दोन वर्षं घालवून काय करणार ती?"

सुषमा म्हणली, "माझं काय न्हाई. पण आत्याबाईंना कोण सांगणार?"

"मी सांगेन. वेळ बघून."

वेळ बघून! म्हंजी मी काय खाटकाकडं न्यायची मेंढी हाय का, वेळ बघून हात लावायला? सगळा लसूण सोलला. पुढच्या आठवड्याचा पण.

तर हे असं हाय. मोटार हे निमित्त. पोरगी न्यायचीय. ह्या पोरीला मी तेल लावून वाढवलं. सुषमा टाके घातलेली पडून व्हती तवा हिला पयलं कुणी धरलं? मी. नाळ पडली ती कुणी पुरली? मी. तवा ही बाई शाळेच्या तपासणीला गेली व्हती.

१४ सप्टेंबर, रविवार

म्हाताऱ्याला सांगितलं. ते मेंढीचं खूर बघत व्हतं. खूर ठेवलं न्हाई हातातलं.

म्हणलं, "पोरगी शिकंल की."

म्हटलं, "इथं शाळा न्हाई का?"

"दौंडची मोठी आसंल."

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

"मला वाटतं ह्या खुरात काटा हाय."

चाळीस वर्षं संसार केला ह्या माणसाबरोबर. त्यातली निम्मी तो मेंढ्यामागं कोकणात व्हता, त्यामुळं निभलं.

१८ सप्टेंबर

केलं एक. लिहिते, कारण कुणाला सांगता येणार न्हाई.

चाक पडलं व्हतं टेबलाखाली. काळं, रबराचं, बटनाएवढं. झाडताना सापडलं. चंचीत टाकलं, सुपारीच्या कप्प्यात.

संध्याकाळी अंकिता सगळीकडं शोधत फिरली. खाटेखाली, दप्तरात, शेवटी गोठ्यात लेंड्या चाळत बसली, तांदळातले खडे निवडावेत तशी. म्हणली, "आई, तू बघितलं का गं?" मी म्हटलं, "शेळीनं खाल्लं आसंल. शेळीला काय, रबर पण चालतं."

तीन आठवड्यांत पयल्यांदा पाच मिनिटं माझ्याशी बोलली.

२० सप्टेंबर

चाक दिलं. म्हटलं पिठाच्या डब्यामागं सापडलं. पोरीनं माझ्या गळ्यात हात टाकला आन् लगेच काढला आन् पळाली खोलीत, "बाईआजी, सापडलं!"

एवढ्यासाठी दिलं का मी?

इहीणबाईनं चाक हातात घेऊन हुंगलं. मग माझ्याकडं बघितलं. सुपारीचा वास येत आसंल. बोलली मातर काय न्हाई. मला बोललेलं चालतं. न बोललेलं मी ठेवून घेत न्हाई.

२५ सप्टेंबर, भादवी पोळा

ट्रॅक्टर आला तरी बाळासोनं एक जोडी ठेवलीय. बैलांची शिंगं ह्या घरात मीच रंगवते. बायका शिंगं रंगवत न्हाईत, पण आमचं म्हातारं मेंढ्यामागं असायचं आन् पोळा काय थांबत न्हाई, म्हणून माझ्या सासऱ्यानं मला शिकवलं. आधी काचेच्या तुकड्यानं शिंग साळायचं, गुळगुळीत करायचं. मग रंग. एकदम जाड थापला का ओघळतो आन् वाळत न्हाई. तीन हात द्यायचे, पातळ. मधी एकेक दिवस. वर बेगडाचा पट्टा, चकचकीत, त्याची कड सरळ पाहिजे. ब्रश दुकानचा चालत न्हाई, शेळीच्या शेपटीच्या केसांचा मी बांधते.

ह्यावेळी निळा. ढवळ्या मान हलवत व्हता, तरी रेघ ढळली न्हाई.

इहीणबाई दारात उभी व्हती. माझ्या हाताकडंच बघत व्हती, किती तरी वेळ. मी हात लुगड्याला पुसला. रंगानं भरलेले, भेगा पडलेले, बघण्यासारखं काय हाय? मास्तरणीचे हात खडूनं मऊ झालेले असत्यात.

अंकिता तिच्या कानाला लागली. तिनं मान हलवली, "नको. त्यांना कशाला सांगायचं. आपण करू."

बघा. माझ्या दारात, माझ्या बैलापुढं, मला कशाला सांगायचं.

४ ऑक्टोबर

आज मोटारीला रंग दिला. जोडून झालीय परवाच. दिसती लांबुळकी, पुढं चपटी, मागं एक फळी. विंचवासारखी. खोक्यात लाल रंगाची बाटली व्हती, ती सगळी वतली. पोरीनं ब्रश धरला आन् बाईनं तोंड चालवलं. जाड दिला. मला दारातनं दिसत व्हतं जाड दिला. सांगावं का? मला कशाला सांगायचं! मी पण न्हाई सांगितलं.

वर दुरडी पालथी घालून ठेवलीय, धूळ बसू नये म्हणून. माझीच दुरडी.

५ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सगळी पूजा मांडली. इळा, खुरपी, कुऱ्हाड, लोकर कातरायची कातर, बाळासोची मोटारसायकल, विहिरीवरची मोटर. ज्याला धार हाय आन् ज्याला चाक हाय ते सगळं दसऱ्याला पुजायचं. मग ह्या मोटारीला चाकं न्हाईत का? चार हायत. एक तर मीच सांभाळलेलं.

दुरडी उचलली, मोटार चाकांना धरून पाटावर ठेवली, हळदी-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आन् येळकोट म्हणून वरनं भंडारा उधळला. मूठभर. खंडोबाचा भंडारा हाय, त्यानं कुणाचं वाईट झालेलं न्हाई.

रंग वला व्हता.

सगळा भंडारा चिकटला. लालावर पिवळे ठिपके, गजकर्ण झाल्यासारखं. झेंडूच्या पाकळ्या पण. अंकिता आंघोळ करून आली, बघितलं. रडली न्हाई. रडली असती तर मला बोलता आलं असतं. नुसती उभी राहिली, केसातनं पाणी गळत, आन् मग आत गेली.

मी मुद्दाम केलं न्हाई. लिहून ठेवते.

६ ऑक्टोबर

कालचं खरं न्हाई.

कुंकू लावताना बोट लागलं तवाच कळलं वला हाय. बोटाला लाल आलं. मी बोट बघितलं. मग भंडाऱ्याची वाटी बघितली. आन् मग टाकला. देवाचं नाव घेऊन टाकला, हे त्याच्याहून वाईट.

आज सकाळी धीर करून पोरीला सांगायला गेले. तर इहीणबाई तिला सांगत व्हती, "चूक माझी आहे. मीच तुझ्या आईला म्हटलं, रंग वाळलाय, पूजेला ठेवा. मी हात लावून बघायला हवा होता."

खोटं! मला ती काय म्हणली न्हवती.

मी दारातच उभी. अंकितानं माझ्याकडं बघितलं, म्हणली, "जाऊ दे आई, तुला काय माहीत." आन् शाळेला गेली.

पोरगी घेतली. जून घेतला. आता माझं पाप पण हिनंच घेतलं. तेवढं तरी माझं ठेवायचं.

म्हाताऱ्याला सांगितलं तर म्हणलं, "चांगली बाई हाय." दुपारी त्याच्या ताटात भाजी वाढली न्हाई. त्यानं चटणीबरोबर खाल्लं, कळलं पण न्हाई त्याला.

७ ऑक्टोबर

आज सगळं उलटं-सुलटं झालं. नीट लिहिते.

अंकिता शाळेत. मी खोलीत गेले, भांडायलाच गेले व्हते. म्हणणार व्हते, माझं खोटं तुम्ही बोलायचं न्हाई. इहीणबाई पाठमोरी बसलेली. पुढं मोटार, हातात कापसाचा बोळा. रंग पुसायला बघत व्हती. बोळा मोटारीला लागतच न्हवता. डावीकडं जायचा, उजवीकडं जायचा. हात थरथरत व्हता, नुकतं जन्मलेलं कोकरू उभं राहताना थरथरतं तसा. दुसऱ्या हातानं त्या हाताचं मनगट धरलं तर दोन्ही थरथरायला लागले.

मी म्हटलं, "पुसताय का कालवताय?"

दचकली. हात मांडीखाली घातले.

मांडीखाली! सरपंचासारखी म्हटलं व्हतं मी.

"कवापासनं?" मी इचारलं.

"दोन वर्षं झाली."

"औषध?"

"चालू आहे. कमी नाही होत, वाढायचं तेवढं थांबतं. ज्ञानेशला माहीत नाही. सुषमाला सांगू नका, सखूबाई. तिचा पाय आधीच तसा आहे."

मी रॉकेल आणलं, चिंध्या आणल्या. वल्या रंगाला रॉकेल लागलं का तो सुटतो, हे शिंगं रंगवणाऱ्याला सांगावं लागत न्हाई. पुसायला लागले. ती म्हणली, "मी धरू का?" म्हटलं धरा. धरली तर मोटार चालायला लागली हातातल्या हातात. मी म्हटलं, "ठेवा खाली. शर्यत शनिवारी हाय."

हसली. मी हसले न्हाई. पण भांडायचं राहूनच गेलं.

पुसता पुसता म्हटलं, "म्हंजी पोरीला शिकवायला न्हाई न्यायची तुम्हाला. हाताखाली माणूस पाहिजे."

"दोन्ही पाहिजे," ती म्हणली. "खोटं कशाला बोलू."

"काल बोललात की. भंडाऱ्याचं."

"ते तुमच्यासाठी नव्हतं. पोरीला तिची आई वाईट दिसू नये, म्हणून."

मी चाकाच्या आतला रंग काढत बसले. तिथला भंडारा निघाला न्हाई, पोटाखाली थोडा राहिला. राहू दिला.

शेवटी म्हटलं, "पोरीला आंधळी नेऊ नका. हात दाखवा तिला. बघून जायचं तर जाईल, न्हाई तर न्हाई."

संध्याकाळी चहा अर्धाच ग्लास दिला. अर्धा सांडत न्हाई. दूध कमी हाय म्हणून दिला, दुसरं काय न्हाई.

८ ऑक्टोबर

सुषमाचं प्लास्टर निघालं. पाय वाळलेल्या शेंगेसारखा झालाय, पण टेकती.

लाल रंग संपला. पोळ्याचा निळा डबा उरला व्हता, तो काढला. खरकागदानं पाण्यात घासून मोटार गुळगुळीत केली, शेळीच्या केसांचा ब्रश घेतला, पयला हात दिला, पोटाखालचं तेवढं सोडून. पातळ. अंकिता शाळेतनं आली ती दप्तर घेऊनच बघत उभी राहिली.

"आई, तू?"

"मग कोण, ढवळ्या?"

इहीणबाई म्हणली, "अंकिता, बस. तुला एक दाखवायचंय." आन् हात पुढं केले. दोन्ही. खिडकीतल्या उजेडात.

पोरगी म्हणली, "मला माहिती हाय की."

आम्ही दोघी म्हाताऱ्या तोंड उघडं टाकून बसलो.

"मागच्या दिवाळीपासनं माहिती हाय. म्हणून तर मीच ब्रश धरते. बाईआजी लपवती म्हणून मी पण कुणाला सांगितलं न्हाई, मम्मीला टेन्शन येईल. पोळ्याला मी म्हटलं आईला सांगू रंगवायला, तिची रेघ हलत न्हाई, तर बाईआजी म्हणली नको, आईपुढं हात काढावा लागला असता ना."

म्हंजी सा आठवडे दोघी एकमेकींपासनं लपवत व्हत्या आन् मी नुसती कुजबुज ऐकत व्हते. तिघींत शेवटी मला कळलं. शेळ्यांना आधी कळलं आसंल.

मी इचारलंच. ब्रश बाजूला ठेवून इचारलं. "जूनला जाणार का राहूला?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. माझ्यावर गेलीय, नजर खाली घालत न्हाई.

"जाईन. बाईआजीला एकटीला चहा गाळता येत न्हाई."

"माझा गुडघा दुखतो तो?"

"तुला आबा हाय."

"आबा! आबाला खूर दिसतं फक्त."

"शनिवारी येईन की, आई. दर शनिवारी."

"कुणी बोलावलंय," मी म्हटलं आन् रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. नीट लागत न्हवतं, चार बुक्क्या घातल्या.

९ ऑक्टोबर

दुसरा हात दिला. नव्या मडक्यात दोरीनं मोटार टांगली आन् तोंडाला फडकं बांधलं. मडकं वल पितं आन् धूळ आत जात न्हाई. इहीणबाई म्हणली, हे खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं नाही. म्हटलं, कागद लिहिणाऱ्याला बैल न्हवते.

ह्या दोन दिवसांत राग शोधतीय. हाय अजून, गेला न्हाई. पण धरायला जावं तर त्याला मूठच सापडत न्हाई. पोरगी तिच्याकडं जाणार हे बघून पोटात जळतं, ते जळतंच. हात थरथरतो म्हणून काय माझं जळायचं थांबतं का? तिचं दुखणं खरं आन् माझं जळणं पण खरं.

म्हाताऱ्यानं मडक्यात डोकावून बघितलं. म्हणलं, "ढवळ्यागत दिसतीय." चाळीस वर्षांत पयल्यांदा काही चांगलं बोललं, ते पण मोटारीला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

झाली.

दिवस उरला न्हवता म्हणून तिसरा हात काल संध्याकाळीच दिला, आज दुपारी वाळला. बोट लावून बघितला, ह्यावेळी खरंच. दोन्ही अंगाला बेगडाचा पट्टा दिला, गव्हाच्या काडीएवढा. कड सरळ. रंगासाठी काढलेली चाकं परत बसवली. सुपारीवालं चाक मागं उजवीकडं हाय. आज इहीणबाईपुढं चंची उघडून ठेवली, म्हटलं घ्या. तिनं सुपारी घेतली आन् म्हणली, "वास ओळखीचा आहे." आगाऊ बाई.

मोटार पोळपाटावर ठेवलीय. चरे पडलेलेच हायत, तर त्यावरच नेऊ दे शिरूरला. पोळपाट मातर परत आणायचा. तिथं कुणी इंग्रजी शाळेतलं त्यावर अजून काय कापायला मागंल, तर न्हाई म्हणायचं.

उद्या सगळे जाणार. सुषमा जीपमधी पुढं बसंल. मी जाणार न्हाई. मेंढी व्यायला झालीय आन् म्हाताऱ्यालाही जायचं हाय, कधी नव्हे ते धुतलेलं धोतर काढून ठेवलंय. परवा इहीणबाई राहूला जाणार.

ही वही आज टेबलावर उघडीच ठेवते. इहीणबाई सकाळी चष्मा शोधायला येते तवा दिसंल. वाचा. सगळी वाचा, विंचू आन् सरपंच पण वाचा. फक्त लाल पेनानं माझ्या चुका काढायच्या न्हाईत.

आन् आता नीट ऐका. उद्या तिथं कुणी गुरुजी नाहीतर कुणी साहेब इचारंल, ह्यो रंग कुणी दिला. अंकितानं उत्तर द्यायचं न्हाई, ती म्हणंल आम्ही सगळ्यांनी मिळून. बाळासोनं द्यायचं न्हाई. म्हाताऱ्यानं तर तोंडच उघडायचं न्हाई. उत्तर इहीणबाई, तुम्ही द्यायचं. हात मांडीखाली न घालता, उभं राहून, वर्गावर बोलायचा तसा आवाज काढून: सखूबाई रखमाजी, कवठे येमाई. पोरगी नेताय, नाव तेवढं इथं ठेवून जायचं.

आन् कुणी गाडी उलटी करून बघितली, पोटाखाली पिवळं काय हाय म्हणून इचारलं, तर तुम्ही गप बसायचं. गाडी घरी आणा. त्याचं उत्तर मी पोरीला देणार हाय.